रोपाबरोबरचे जुने पान

आमच्या बाजूला, चौलपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांमध्ये, पोफळीचे रोप विकत घेतले तर ते उघडे देत नाहीत. मुळाशी मातीचा गोळा असतो, तो केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधलेला असतो, आणि रोपाच्या बुंध्याला एक जुने पान गुंडाळलेले असते. हे पान त्या रोपाचे नसते. रोपांच्या प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यात एक रोप न विकता ठेवतात. सगळा वाफा रिकामा झाला तरी ते जागेवर राहते आणि हात पोचणार नाही इतके उंच झाले की त्याच्या पायाशी दुसरे राखतात. त्याचे खालचे, कडा करपलेले पान काढून जाणाऱ्या रोपाला गुंडाळायचे आणि नव्या जागी रोप लावले की आठ दिवस ते सोडायचे नाही. असे का करता, म्हणून विचारले तर बाया सांगतात, पोर नव्या घरी चालली, सोबतीला कोणी नको का.

दोन वर्षे मी ही पाने सोडवून जाळली. कोणाच्या वाडीत नवी रोपे आली असे कळले की मी तिथे जायचो, मालकाच्या देखत पाने काढायचो, ढीग करायचो आणि काडी लावायचो. वर म्हणायचो, रोगाची घरे आहेत ही.

आता चाळिशी उलटल्यावर हे लिहितो आहे, त्याला कारण आहे. गावातल्या तरुणांना ही हकिकत गंमत म्हणून माहीत आहे. गमतीमागे जे होते ते मी एकदा भर सभेत बोललो, पण त्या सभेतली निम्मी माणसे आज नाहीत.

त्या वेळी मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. त्याआधी माझी धाकटी बहीण हिवतापाने गेली होती. ती नऊ वर्षांची होती. तेव्हा आमच्याकडे पाऊस ओसरला की घरटी एकदोन माणसे गोधडीखाली कुडकुडत पडलेली असत. मग पांढरी पावडर पाण्यात कालवून घरांच्या भिंतींवर फवारणारी माणसे आली. डीडीटी हे नाव गावाने त्यांच्याकडून ऐकले. पुढच्या वर्षी आमच्या आळीत कोणीही तापाने पडले नाही. ढेकूणसुद्धा गेले. आईने भिंतीवरचा तो पांढरा डाग दिवाळीलाही सारवू दिला नाही. त्या पावडरीवरचा माझा विश्वास पुस्तकातून आलेला नव्हता. बहिणीच्या वेळी ही का नव्हती, या एका विचारातून तो आला होता.

पुढे मी पुण्याला शेतकीचा एक छोटा वर्ग करून आलो. येताना एक भिंग विकत आणले. आमच्या गावच्या बागायतदारांनी मिळून एक पायपंप घेतला आणि तो माझ्या हवाली केला. पोफळीच्या कोवळ्या सुरळीत ढेकणासारखे बारीक किडे शिरून पान उमलायच्या आत शोषून घेतात, त्यांच्यावर मी तीच पावडर फवारली. पहिल्या वर्षी किडे साफ गेले. सुरळ्या उमलल्या त्या छिद्राशिवाय. म्हातारी माणसे मला पाहिले की आपसात म्हणत, वाडीचा डॉक्टर आला, नाडी दाखवा. चेष्टा आहे हे मला कळत होते, तरी बरे वाटायचे.

सगळ्या गावात फवारा नको म्हणणारी एकच वाडी होती, ती काकीची. ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. नवरा गेल्यावर खाडीच्या बांधाला लागून असलेली वाडी ती एकटीच सांभाळत होती. नारळ-सुपारी बेताचीच, पण रोपे करण्यात तिचा हात बसलेला होता. नागाव, आक्षी, चौल, पार मुरूडपर्यंत तिची रोपे जात. वर्षभराचे तिचे सगळे त्या वाफ्यांवर चालत असे.

मी पंप घेऊन तिच्या बेड्याशी, वाडीच्या फाटकाशी, उभा राहिलो तेव्हा ती रहाटाच्या पाटात उतरून गाळ काढत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या वाडीला काय झालंय ते सांग आधी."

काही झालेले नाही, पण होऊ नये म्हणून, असे मी समजावले.

"झालं की मीच बोलवीन तुला. दूध पिऊन जा."

दूध न पिताच मी परत आलो. एवढीशी गोष्ट, पण मला ती अपमानासारखी लागली. नव्या रोपांची जुनी पाने सोडवून जाळायला मी त्यानंतर सुरुवात केली. ती पाने बहुतेक तिच्या वाडीतून आलेली असत, हे मला ठाऊक होते.

तिसऱ्या वर्षी शिमगा झाला आणि ऊन तापू लागले तशी वाफ्यातली रोपे पिवळी पडायला लागली. आधी पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके, मग सगळे पान निस्तेज, मग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग. पान उलटे करून बोट फिरवले तर बोटाला तांबूस लागायचे. गावाने त्याला तांबडी हे नाव दिले. भिंगातून पाहिले तर शिरेच्या दोन्ही बाजूंना लाल, गोल, मंद जीव दाटीने बसलेले दिसत. पुण्याच्या वर्गात त्यांची ओळख झाली होती. हे किडे नव्हेत, आठ पायांची जात, पानाचा रस पिणारी. मी पुन्हा पावडर फवारली. तांबडी वाढली. मी प्रमाण वाढवले. तांबडी आणखी वाढली. आमच्या स्वतःच्या वाफ्यातली रोपे सगळ्यांत आधी गेली, कारण तिथे मी सगळ्यांत जास्त फवारले होते.

लोक विचारू लागले. मला उत्तर हवे होते, आणि ते माझ्या पंपाच्या बाहेर कुठेतरी असायला हवे होते.

एका सकाळी मी भिंग घेऊन काकीकडे गेलो. तिने मला अडवले नाही, उलट बसायला मोडा आणून दिला. मी वाफ्यात बसून पाने उलटी केली. तिच्याकडेही लाल जीव होते, पण थोडे, इथे एक तिथे दोन. आणि त्यांच्या मधून दुसरेच काही पळत होते. टाचणीच्या टोकाहून लहान, फिकट, चकचकीत, पाण्याच्या थेंबासारखे मागे रुंद आणि पुढे निमुळते. लाल होते ते जागचे हलत नव्हते. हे मात्र शिरेवरून अशा घाईने धावत की भिंगाखाली धरून ठेवणे कठीण. आमच्या कुठल्याच वाडीत मी हे पाहिले नव्हते. मी तिथल्या तिथे ठरवले की ही तांबडीची पिल्ले, हीच धावत धावत गावभर जातात, आणि जुन्या पानांतून यांना गाडीभाडेही पडत नाही.

त्या सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. काकीची रोपे हिरवी होती. वाफ्यात शिरताक्षणी ते दिसत होते, त्यासाठी भिंग लागत नव्हते. उठून जाताना मी मागे वळून पाहिले आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आले, हिचे हिरवे कसे? हा प्रश्न मी बेड्याच्या बाहेर येईपर्यंत मनात दाबून टाकला. चूक कोणाच्याही हातून होते. पण हे दाबणे चूक नव्हती. ते मी जाणून केले.

चार दिवसांनी देवळाच्या सभामंडपात बागायतदार जमले. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होते. सोसायटीचे चेअरमन मधोमध बसले होते. भारदस्त माणूस, गावातली सर्वांत मोठी वाडी त्यांची. मी उभा राहून सांगितले की तांबडीचे मूळ खाडीकडच्या न फवारलेल्या वाडीत आहे, तिथून धावणारी पिल्ले जुन्या पानांबरोबर इतरांकडे येतात, आणि ती वाडी साफ झाल्याशिवाय गावाची सुटका नाही. मी नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. काकी खांबाला टेकून बसली होती, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

असे ठरले की तिच्या वाफ्यांवर दोनदा फवारा मारायचा, नाहीतर रोपे उपटून जाळायची, आणि तोवर तिच्याकडून कोणी रोप घ्यायचे नाही. पाऊस सुरू झाला की लागवडीचे दिवस येतात. त्या दिवसांत रोपे गेली नाहीत तर तिचे वर्ष गेले, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते.

चेअरमननी तिला विचारले, काही बोलायचे आहे का. ती माझ्याकडे वळली.

"तू पाहिलंस ना तुझ्या डोळ्यांनी? मग मी काय बोलू."

टोमणा असता तर मला सोसला असता. पण तिने ते खरेच मानले होते. भिंग घेऊन तासभर बसलेल्या पुतण्याने पाहिले म्हणजे ते तसेच असणार, असे तिला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिचा अर्धा वाफा फवारला. ती समोर उभी होती. अर्ध्यावर आलो आणि पंपाने दम सोडला. उघडून पाहिले तर आतला चामड्याचा वायसर चिरफाळला होता. रेवदंड्याला चपला शिवणाऱ्याकडून एक कापून घेतला, तो दाब धरेना. मग रेवसच्या लाँचने मुंबईला जाणाऱ्या एकाला सांगितले. त्याने आठ दिवसांनी आणला तो मोठ्या मापाचा. तो परत पाठवला. अशा हेलपाट्यांत तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत काकीच्या वाफ्याचे दोन रंग झाले. मधून पाण्याचा पाट जात होता, त्याच्या अलीकडे माझा फवारा थांबला होता. पलीकडचे हिरवे राहिले. अलीकडे आधी ठिपके आले, मग निस्तेजपणा, मग तो तांब्याचा रंग. एकच बी, एकच माती, एकाच रहाटाचे पाणी, एकच सावली. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिकडे जात होतो. काकी मोडा आणून देत होती.

एकदा सकाळी मी पाटापलीकडचे एक पान भिंगाखाली धरले आणि हात गुडघ्यावर टेकवून नुसता बघत बसलो. एक फिकट जीव धावत आला. शिरेजवळ तांबडीचे बारीक लाल अंडे होते. त्याने पुढचे पाय आंधळ्या माणसाच्या काठीसारखे चाचपत त्यावर फिरवले, अंडे धरले आणि थांबला. इतक्या दिवसांत त्याला थांबलेले मी प्रथमच पाहत होतो. अंडे हळूहळू सुकल्यासारखे चपटे झाले आणि त्याच्या फिकट अंगात, काचेच्या भांड्यात कुंकवाचे पाणी ओतावे तशी एक लाल रेघ उतरली. मग तो पुढे निघाला. थोड्या वेळाने त्याने तांबडीचे एक पिल्लू धरले.

मी अलीकडच्या रोपांची पाने पाहिली. पाच पाहिली, दहा पाहिली, मग मोजणे सोडले. धावणारा एकही नव्हता. माझ्या पावडरीने तांबडी मेली नव्हती. तांबडीला खाणारे मेले होते. आणि जे या पाटापर्यंत झाले होते ते दोन वर्षे गावभर झाले होते. त्यातून जी काही राखण जुन्या पानांत गुंडाळून पुन्हा वाड्यांत येत होती, तिला मी काडी लावली होती.

त्या दुपारी मी पुण्याच्या वर्गातल्या गुरुजींना पत्र लिहिले. जे पाहिले ते लिहिले आणि विचारले, हे असे असू शकते का. गावात मात्र काही बोललो नाही. मनाला सांगितले की उत्तर आल्यावर बोलू, जाणत्या माणसाचा कागद हातात असला म्हणजे लोक ऐकतील.

उत्तराआधी वायसर आला. बरोबर मापाचा. मी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. चेअरमन रस्त्यात भेटले, त्यांनी विचारले, आला का रे वायसर. मी म्हणालो, अजून नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्याने विचारले, त्यालाही तेच सांगितले. चार दिवस मी तो चामड्याचा तुकडा खिशात घेऊन फिरलो. फवारा मारायची हिंमत नव्हती आणि का मारत नाही हे सांगायचीही नव्हती.

पाचव्या दिवशी काकीकडे गेलो तर ती पाटाअलीकडच्या वाफ्यात बसून रोपे उपटत होती. उपटलेली रोपे तिने ओळीने निजवून ठेवली होती, मुळे एका बाजूला, शेंडे एका बाजूला. जाळायला टाकायची वस्तू कोणी अशी नीट लावत नाही.

"हे गेलंच," ती म्हणाली. "आता पलीकडलं कधी मारनार ते सांग. त्या दिवशी मी बहिणीकडं थळला जाते. मला ते बघवायचं न्हाय."

मी खिशातून वायसर काढून तिच्यासमोर धरला. तो चार दिवसांपूर्वी आल्याचे सांगितले. मग खाली बसून सगळेच सांगितले. धावणारे कोण, मी त्यांना काय समजलो, आणि त्या पहिल्या सकाळी तिची रोपे हिरवी आहेत हे मला दिसले होते, तेही. तिने हातातले रोप खाली ठेवले. मातीच्या हातांनी तिने गुडघे धरले.

"मला सांगून काय करशील?" ती म्हणाली. "जिथं बोललास तिथं जाऊन बोल."

मग आम्ही दोघांनी ती उपटलेली रोपे पुन्हा मातीत रोवली. जगतील असे दोघांनाही वाटत नव्हते. पण ती नीट ओळीने निजलेली होती, आणि ती तशी सोडून उठता येईना.

दुसऱ्या सभेत मी बोललो तेव्हा पुण्याचे उत्तर आलेले नव्हते. आज मागे वळून पाहताना या एका गोष्टीचा मला आधार वाटतो. माझ्या हातात काहीच कागद नव्हता. मी सांगितले की मागच्या सभेत मी सांगितले ते उलटे होते. काकीच्या वाडीतून रोग जात नव्हता, रोगावरची राखण जात होती. ती मी दोन वर्षे जाळली. लोक हसू लागले. कोणी म्हणाले, डॉक्टरलाच ताप चढला. चेअरमन हसले नाहीत, पण त्यांनी जे विचारले त्यावर सगळा मंडप हसला.

"काल मारायला सांगत होतास ते आज पाळायला सांगतोस. उद्या त्यांचं बारसं करायचं का?"

हशा ओसरेपर्यंत मी थांबलो आणि राहिलेले सांगितले. काकीची रोपे हिरवी आहेत हे मला त्या दिवशी दिसले होते, मी ते तुमच्यापासून लपवले, आणि वायसर चार दिवस खिशात होता तरी नाही आला असे तुम्हाला सांगितले. यावर कोणी हसले नाही. चेअरमन म्हणाले, मग आज जे सांगतोस ते तरी खरे कशावरून. ते बरोबर विचारत होते.

तेव्हा मागच्या बाजूने माझे वडील बोलले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आमच्या वाफ्यात बांधा ती पानं. मेलं तर आमचं मरेल."

आमच्या वाफ्यात मरायला फारसे उरले नव्हते, म्हणून कोणाची हरकत आली नाही. काकीची उरलेली रोपे तोवर राहू द्यावीत असेही ठरले. पुढच्या पंधरवड्यात काही दिसले नाही तर मात्र फवारा, आणि तो दुसऱ्या कोणी मारायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दव असतानाच काकी पाने काढून टोपलीत घेऊन आली. वर ओले फडके घातले होते. मी पाने घेऊन रोपांवर नुसती ठेवायला लागलो तर तिने माझ्या हातातले पान काढून घेतले.

"पोट आत," ती म्हणाली. "पाठ बाहेर. ऊन लागलं तर आतलं जगंल कसं?"

पानाची खालची बाजू बुंध्याकडे, वरची बाहेर, आणि केळीच्या सोपाचा सैल वेढा. आयुष्यभर ती हेच करत आली होती. पानाच्या पोटाला कोण राहते हे तिने कधी पाहिले नव्हते, तरी त्याला ऊन लागणार नाही असेच ती बांधत होती. मी ती पाने सोडवून जाळायचो तेव्हा ती अशी कशी बांधतात हेसुद्धा पाहिलेले नव्हते.

पहिले पाच दिवस काही दिसले नाही. मी सकाळ-संध्याकाळ वाफ्यात बसलेला असायचो. आई जेवायला हाका मारायची. सहाव्या दिवशी आमच्या एका पिवळ्या पानावर मला एक धावणारा दिसला. त्याच्या अंगात लाल रेघ होती. मी वडिलांना बोलावले. त्यांना भिंगातून पाहता येईना, एक डोळा मिटायची सवय नव्हती. मी हाताने त्यांचा डावा डोळा झाकला. त्यांनी पाहिले, आणि एवढेच म्हणाले की घाईत दिसतो. बाराव्या दिवशी जवळजवळ प्रत्येक पानावर दोन-तीन सापडू लागले. जी पाने तांब्याची झाली होती ती काही हिरवी झाली नाहीत. पण मधली सुरळी आली ती हिरवी आली, आणि उमलली तेव्हा तिच्या पोटाला बोट लावले तर बोट स्वच्छ निघाले.

चेअरमन स्वतः येऊन ती सुरळी पाहून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातल्या दोघी बाया टोपली घेऊन काकीच्या बेड्याशी उभ्या होत्या. मग बाकीच्या आल्या. काकीकडे जुनी पाने पुरेनात, तेव्हा तिने पाटापलीकडच्या प्रत्येक रोपाचे खालचे एकेक पान काढून दिले. तिने कोणालाच परत पाठवले नाही. सभेत तिच्याविरुद्ध मान हलवणाऱ्यांच्या बायकांना तर तिने पान कसे बांधायचे तेही स्वतः दाखवले.

मग पाऊस आला. पावसाने तांबडी तशीही धुऊन जाते. चेअरमन मरेपर्यंत म्हणत राहिले की श्रेय पावसाचे. त्यात काही अंश खरे असेल. पण पुढच्या उन्हाळ्यात ज्या वाड्यांत पाने बांधून ठेवली होती आणि पंप बंद होता, तिथे तांबडी दिसली ती इथे एक तिथे दोन, काकीकडे दिसायची तशी. तेव्हा पाऊस नव्हता.

पुण्याचे पोस्टकार्ड पाऊस सुरू झाल्यावर आले. गुरुजींनी लिहिले होते की माझे निरीक्षण बरोबर वाटते, अशा शिकारी जाती इतर झाडांवरही आढळतात आणि डीडीटीने त्या मरतात असा अनुभव दुसरीकडेही येत आहे. शेवटी एक ओळ होती: रोपाबरोबर जुने पान देण्याची चाल आपल्याकडे कशी पडली, त्याची माहिती कळवावी. मी कार्ड काकीला वाचून दाखवले.

"सासूबाई करायच्या म्हणून मी केलं," ती म्हणाली.

त्या का करायच्या, असे मी विचारले.

"इचारलं न्हाय. सासूबाईंना काय इचारायची सोय होती का रे त्या वेळी?"

मी तेच लिहून कळवले. तिला आधीपासून सगळे कळत होते असे मी म्हणणार नाही, ती स्वतःही तसे कधी म्हणाली नाही. तिने फक्त आपल्या रोपांकडे पाहिले होते आणि ती बरी आहेत एवढे ओळखले होते. माझ्याकडे भिंग होते, आणि तेवढेच मला जमले नाही.

भिंतींवरच्या फवाऱ्याला मी आजही विरोध करत नाही. फवारणारी माणसे गावात आली की मीच त्यांना घरोघर घेऊन जातो. वाडीच्या बेड्याशी मात्र त्यांना थांबवतो.

त्या वर्षी काकीची निम्मी रोपे गेली ती गेलीच. बाहेरगावची गिऱ्हाइकेही बिथरली, कारण खाडीकडच्या वाडीत रोग आहे ही माझी बातमी नागाव-आक्षीपर्यंत पोचली होती, आणि खुलासा मात्र गावच्या वेशीपाशीच थांबला होता. म्हणून पुढची दोन वर्षे तिची रोपे घेऊन मी स्वतः गाडीबरोबर गेलो. प्रत्येक ठिकाणी सगळी हकिकत सांगितली. आक्षीच्या एका म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, म्हणजे तो शहाणा तुम्हीच का. मी म्हणालो, होय, मीच. त्याने पन्नास रोपे उतरवून घेतली. परत आल्यावर मी हे काकीला सांगितले तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. सभेनंतर ती माझ्यासमोर प्रथमच हसत होती.

आम्ही दोघांनी परत रोवलेल्या रोपांपैकी अकरा जगली. ती मी तिच्याकडून मागून घेतली आणि आमच्या पाटाच्या कडेने लावली. आता त्यांना सुपारी लागते.

गेल्या वर्षी मोठ्या भरतीला खाडीचा बांध फुटला आणि काकीच्या वाफ्यांत खारे पाणी आठ दिवस उभे राहिले. मोठी झाडे तगली, रोपे सगळी गेली, कोपऱ्यातले राखलेले रोपसुद्धा. आम्ही गावकऱ्यांनी मिळून बांध घातला, गोडे पाणी सोडून माती धुतली, तिने नवे बी टाकले. ती आता थकली आहे, पण वाफा दुसऱ्या कोणाला करू देत नाही. या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती काठी टेकत आमच्या वाडीत आली. दूध दिले ते घेतले. मग म्हणाली, "तुझ्या कोपऱ्यातल्या रोपाचं पान दे मला."

मी पान काढून आणले. तिने ते उलटे करून उजेडाकडे धरले. तिला आता समोरचे माणूसही धड दिसत नाही.

"हायत का त्यात?"

मी भिंग काढून पाहिले. घाईघाईने पाहिले नाही. शिरेच्या कडेने दोघे धावत होते, तिसरा एका जागी थांबलेला होता.

"आहेत, काकी."

"मग चल. मला वाकता येत न्हाय. तूच बांध."

आणखी पाने काढून, टोपलीत ओल्या फडक्याखाली घालून मी तिच्या मागून खाडीकडे गेलो, नव्या वाफ्यात बसलो आणि पहिल्या रोपाला पान बांधले. पोट आत ठेवून.